ब्रिजमध्ये समोरच्यांनी ओपन केलं की आपण दोघांनी काय बोलायचं? डिफेन्सिव्ह बिडिंगसाठी पार्टनरबरोबर ठरवायच्या गोष्टी

ब्रिज, म्हणजे दोन जोड्यांमधला पत्त्यांचा खेळ, शिकताना आपण सगळे आधी आपली ओपनिंग (पहिली बोली) शिकतो, मग रिस्पॉन्स (पार्टनरचं उत्तर), मग स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड अशा ठरलेल्या अर्थाच्या बोली, आणि त्यातच बराच काळ जातो, पण खरं टेबल सुरू झालं की साधारण निम्म्या बोर्डांवर (डावांवर) ओपनिंग समोरची जोडी करते आणि तिथे आपल्या दोघांचं काहीच ठरलेलं नसतं. मग एकाने केलेला डबल (समोरच्यांच्या बोलीची किंमत वाढवणारी बोली) दुसऱ्याला पेनल्टीचा, म्हणजे त्यांना पाडून दंड घ्यायचा, वाटतो, एकाची उडी जोरदार पत्त्यांची आणि दुसऱ्याच्या डोक्यात तीच कमकुवत पत्त्यांची. क्लबात काय आणि बीबीओवर (ऑनलाइन ब्रिज खेळायची जागा) काय, जोड्यांचे सगळ्यात जास्त पॉइंट मला इथेच जाताना दिसतात. म्हणून हे लिहितोय, ज्यांचा पार्टनर ठरलेला आहे आणि जे साधारण पाच पत्त्यांच्या मेजरची (इस्पिक-बदाम मेजर, चौकट-किलवर मायनर) नेहमीची सिस्टिम खेळतात त्यांच्यासाठी.

आधी एक प्रश्न. समोरच्यांनी ओपन केल्यावर बोलायचंच कशाला? कारणं चारच आहेत: पार्टनरला लीड (पहिलं पान कुठल्या रंगाचं टाकायचं ते) सांगणं, बोर्ड आपलाच असेल तर आपलं काँट्रॅक्ट (शेवटची बोली) मिळवणं, त्यांची बोलायची जागा खाणं, आणि त्यांचा गेम (बोनस मिळवून देणारं काँट्रॅक्ट) बसतोय असं दिसलं तर स्वस्तात सॅक्रिफाइस (पडणार हे माहीत असून केलेली वरची बोली) करणं. तुमच्या बोलीने यातलं एकही काम होत नसेल तर पास करा, मग पत्त्यांचे पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) १३ का असेनात.

ओव्हरकॉलपासून, म्हणजे त्यांच्या ओपनिंगवर आपला रंग बोलण्यापासून, सुरू करू. उजवीकडच्याने १ चौकट ओपन केलंय आणि तुमच्याकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-९-५, बदाम ८-३, चौकट एक्का-१०-६, किलवर ७-५-२ आहेत, फक्त १० पॉइंट, पण १ इस्पिक बिनधास्त बोला, कारण लीड मिळतोय, १ बदामची जागा खाल्ली जातेय आणि डबल बसला तरी तुमचे चार हात (ट्रिक) इस्पिकमध्येच आहेत. आता हे बघा, उजवीकडून १ इस्पिक आलंय आणि तुमच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-६, बदाम राणी-७-५-४-२, चौकट राणी-८-३, किलवर एक्का-६. पॉइंट १२, आधीच्या पत्त्यांपेक्षा दोन जास्त, तरीही २ बदाम बोलू नका. बदामचा रंग पोकळ आहे, पार्टनरने बदामचा लीड दिला तर आपलंच नुकसान, आणि इस्पिकमधले राजा-गुलाम डिफेन्सला कामाचे आहेत. डावीकडे बदामचे चार-पाच पत्ते निघाले की डबल, दोन-तीन हात कमी आणि व्हल्नरेबल (ज्या जोडीला त्या डावात बोनस आणि दंड दोन्ही जास्त) असाल तर ५०० किंवा ८०० गेले, ते सुद्धा अशा बोर्डावर जिथे त्यांचा कदाचित गेमही नव्हता.

तर पार्टनरशी ठरवायचं ते असं: पहिल्या लेव्हलचा (सहा अधिक एक, म्हणजे सात हातांचा) ओव्हरकॉल म्हणजे चांगले पाच पत्ते आणि साधारण ८ ते १६ पॉइंट. दुसऱ्या लेव्हलचा म्हणजे ओपनिंगइतकी ताकद आणि सहा पत्ते, नाहीतर खरोखर भक्कम पाच. १ नोट्रम्पचा (बिनहुकमाचा) ओव्हरकॉल १५ ते १८ आणि त्यांच्या रंगात स्टॉपर (तो रंग अडवणारा पत्ता). १७ च्या वर असाल आणि स्वतःचा लांब रंग असेल तर आधी डबल करून मग रंग बोलायचा. हे आकडे एखाद-दुसऱ्याने पुढेमागे ठेवलेत तरी चालेल पण दोघांचे एकच हवेत.

आता या सगळ्यात दुर्लक्षित असलेली जागा, ओव्हरकॉल करणाऱ्याचा पार्टनर. ओव्हरकॉल करणाऱ्याने आपलं सांगून टाकलेलं असतं, पुढचे बहुतेक निर्णय समोर बसलेल्याचे असतात, आणि तिथे तीन बोलींचे अर्थ पक्के असले तर निम्मं काम झालं. साधी रेज, म्हणजे १ वर २, तीन पत्त्यांचा सपोर्ट आणि ६ ते ९ पॉइंट. उडी मारून केलेली रेज म्हणजे चार पत्ते आणि कमकुवत, फक्त जागा खायला. आणि ज्या पत्त्यांनी गेमला बोलवावंसं वाटतं, १० किंवा जास्त आणि सपोर्ट, ते सगळे त्यांचाच रंग बोलून दाखवायचे, यालाच क्यू बिड म्हणतात.

१ किलवर ओपन, पार्टनर १ इस्पिक, पुढचा पास. तुमच्याकडे इस्पिक राणी-१०-४, बदाम एक्का-७-३, चौकट राजा-गुलाम-९-५-२, किलवर ८-४. इथे २ किलवर बोला. किलवर तुम्हाला नकोय, तुम्ही पार्टनरला सांगताय की सपोर्ट आहे, १० च्या आसपास आहेत, तुझे चांगले असतील तर गेम बघ. पार्टनरचा ओव्हरकॉल हलका असेल तर तो २ इस्पिकवर थांबेल आणि काहीही बिघडणार नाही. उलट इस्पिक १०-८-६-४, बदाम ५, चौकट राजा-९-७-४-२, किलवर ९-६-३ असे तीन पॉइंटवाले पत्ते असतील आणि व्हल्नरेबल नसाल तर सरळ ३ इस्पिक. ही उडी जोरदार समजणारा पार्टनर ४ इस्पिक बोलतो, मग डबल, मग खोलात. हे एक वाक्य आजच पार्टनरला मेसेज करून टाका, "ओव्हरकॉलवर उडीची रेज कमकुवत, चांगले असतील तर क्यू बिड." नवीन रंग बोलला तर तो एक फेरी फोर्सिंग (पार्टनरला बोलायलाच लावणारा) की नाही, यावर चांगल्या जोड्यांतही दोन मतं आहेत. मला नॉन-फोर्सिंग पण कन्स्ट्रक्टिव्ह बरं वाटतं कारण खरे जोरदार पत्ते तसेही कमी येतात, पण तुम्ही दुसरं घेतलंत तरी हरकत नाही.

उडी किती मारायची याला एक चांगला आधार आहे. फ्रान्सच्या जाँ-रेने वेर्न यांनी १९६९ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड' मासिकात एकूण हातांचा नियम मांडला आणि पुढे अमेरिकेत मार्टी बर्गन आणि लॅरी कोहेन यांनी तो घराघरात पोचवला. टेबलावर वापरायला सोपं रूप असं की दोघांचे मिळून हुकूम जितके तितक्या हातांच्या लेव्हलपर्यंत जा: ८ असतील तर दुसरी, ९ असतील तर तिसरी, १० असतील तर चौथी. पार्टनरने १ इस्पिक ओव्हरकॉल केला म्हणजे त्याचे पाच, तुमचे चार, झाले नऊ, तर लगेच ३ इस्पिक. लगेच हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आधी २ बोलून मग त्यांनी ३ बदाम केल्यावर ३ इस्पिक बोललात तर त्यांना मधल्या वेळेत सगळं बोलून घ्यायला मिळालं, जागा खाल्ली कुठे? नियम दर बोर्डाला अचूक बसत नाही, विशेषतः त्यांच्या रंगात तुमचे राणी-गुलाम पडले असतील तर एक लेव्हल खालीच थांबलेलं बरं, पण अंदाजापेक्षा कितीतरी चांगला आहे.

टेकआउट डबल, म्हणजे पार्टनरला त्याचा रंग बोलायला सांगणारा डबल. यात आकार आधी, पॉइंट नंतर. १ चौकटवर इस्पिक एक्का-गुलाम-७-३, बदाम राजा-१०-६-२, चौकट ५, किलवर एक्का-९-८-४, हा अगदी आदर्श डबल, त्यांच्या रंगात तोकडे आणि बाकी तिन्ही रंगात आधार. पार्टनरने ० ते ८ ला आपला रंग सगळ्यात स्वस्त लेव्हलला बोलायचा, ९ ते ११ ला एक उडी, १२ किंवा जास्तला क्यू बिड. शून्य पॉइंट आहेत म्हणून पास करायचा नाही! तो पास म्हणजे त्यांना डबलमध्ये काँट्रॅक्ट आंदण देणं. पास फक्त त्यांच्याच रंगात राजा-राणी-गुलाम-१०-९ असलं काही असेल तरच, आणि मग डबल करणाऱ्याने शक्य असेल तर हुकमाचाच लीड द्यायचा.

मला वाटतं डबलमधली खरी गडबड दुसऱ्या फेरीत होते. तुम्ही डबल केलात, पार्टनर स्वस्तात १ इस्पिक बोलला, म्हणजे त्याच्याकडे ० ते ८ काहीही. आता तुमच्याकडे १३-१४ आणि चार इस्पिक असले तरी पास. होय, पास, कारण डबलने ते १३ सांगून झालेत. २ इस्पिक रेज केलीत तर ती १६-१७ सांगते. आणि स्वतःचा नवीन रंग बोललात तर तो १७ च्या वरचा एकट्या रंगाचा भक्कम हॅन्ड. त्यामुळे १ बदामवर इस्पिकमध्ये दोनच पत्ते असताना १३ पॉइंटवर डबल करून, पार्टनर १ इस्पिक बोलल्यावर "मला इस्पिक नकोय" म्हणून २ किलवर काढणं हे पार्टनरला सरळ खोटं सांगणं आहे, तो बिचारा तुम्हाला १७ चा धरून ३ किंवा ५ किलवरपर्यंत नेईल. असे पत्ते आले तर आधीच पास करा नाहीतर किलवरचाच ओव्हरकॉल करा.

अजून दोन छोट्या गोष्टी इथेच ठरवून टाका. १ बदाम, डबल, रीडबल (डबलवर आणखी दुप्पट), आणि आता तुमची पाळी: पास म्हणजे "मला खास आवड नाही, तूच पळ", आणि एखादा रंग बोललात तर तिथे चांगली लांबी आहे. दुसरं, १ बदाम, डबल, २ बदाम, आणि तुमचा डबल: हा पेनल्टीचा ठेवू नका, रिस्पॉन्सिव्ह ठेवा, म्हणजे थोडे पॉइंट आहेत पण एक ठाम रंग नाही, तू निवड. त्यांचा फिट (एकाच रंगात दोघांचे मिळून पुरेसे पत्ते) जमलाय तिथे पेनल्टीचे पत्ते येतातच किती?

आता प्रीएम्प्ट (लांब रंग पण कमकुवत पत्ते असताना जागा खायला मारलेली उडी) आणि सॅक्रिफाइस, इथे पाठ असलेला हिशोब लागतो. व्हल्नरेबल नसताना डबलमध्ये हात कमी पडले तर १००, ३००, ५००, ८००. व्हल्नरेबल असताना २००, ५००, ८००, ११००. त्यांचा मेजरमधला गेम व्हल्नरेबल असेल तर ६२०, नसेल तर ४२०. हे समोरासमोर ठेवलं की दिसतं की ते व्हल्नरेबल आणि आपण नाही तर तीन हात कमी परवडतात, ५०० देऊन ६२० वाचले. दोघेही सारखे असतील तर दोन. आपण व्हल्नरेबल आणि ते नाहीत तर फक्त एक, म्हणून त्या स्थितीत सॅक्रिफाइसचा विचार जवळपास सोडूनच द्या. जुनी पुस्तकं वाचून शिकलेल्यांनी एक लक्षात ठेवा, १९८७ च्या आधी व्हल्नरेबल नसताना चार कमीला ७०० आणि पाच कमीला ९०० होते, त्यानंतर चौथ्या हातापासून पुढे दर हाताला ३०० झाले, त्यामुळे खूप खोल सॅक्रिफाइस आता महाग आहेत.

पण हिशोबापेक्षा मोठी गोष्ट ही की सॅक्रिफाइस कोणी करायचा? ज्याने प्रीएम्प्ट केलाय त्याने कधीच नाही. ३ चौकटची उडी मारलीत, त्यांनी ४ इस्पिक केलं, तुमच्याकडे चौकटचे आठ पत्ते आहेत आणि हात शिवशिवतायत, तरी पास. तुमचे पत्ते पार्टनरला माहीत आहेत, त्याचे तुम्हाला माहीत नाहीत, कदाचित त्याच्याकडे इस्पिकचे चार चांगले पत्ते असतील आणि तो डबलची वाट बघत असेल. ४ इस्पिक पडणारच होता आणि तुम्ही ५ चौकट बोलून ३०० दिलेत तर ते ३०० एकटे नसतात, तुम्हाला मिळणार होते ते सुद्धा गेले. कोणत्याही जोडीने एकच नियम पाळायचा असेल तर मी हा सांगेन, ज्याने आपले पत्ते एका बोलीत पूर्ण सांगितले त्याने पुढे गप्प बसायचं आणि दुसऱ्यावर सोडायचं. ऐकायला सोपं आहे, टेबलावर फार अवघड जातं, विशेषतः मेंढीकोट, तीनशे चार खेळून आलेल्यांना, कारण तिथे अंगात असतो तो जोर लावायचा खेळ.

समोरच्यांनीच प्रीएम्प्ट केला, म्हणजे वीक टू (२ ची कमकुवत ओपनिंग) किंवा ३ ची ओपनिंग, तर त्यावर आपला प्रीएम्प्ट नसतो. २ बदामवर ३ इस्पिकची उडी ही चांगली ओपनिंग आणि मजबूत सहा पत्ते. २ नोट्रम्प १५-१६ ते १८ स्टॉपरसकट. डबल टेकआउटचा. आणि जमलं तर डबलच्या उत्तरात लेबेनसोल घ्या, म्हणजे २ नोट्रम्प बोलून कमकुवत पत्ते दाखवायचे आणि सरळ ३ च्या लेव्हलला बोललं तर काहीतरी आहे, कारण ० आणि १० पॉइंटला एकच बोली असली की डबल करणाऱ्याला काही कळत नाही.

आता बॅलन्सिंग, म्हणजे आपण पास केलं की बिडिंग संपेल अशा जागेवर बोलणं, माझ्या मते मॅचपॉइंट पेअर्समध्ये (जिथे तेच पत्ते खेळलेल्या बाकी जोड्यांशी तुलना होते) सगळ्यात जास्त कमाई इथे आहे. १ बदाम, पास, पास, आणि तुमची पाळी. तुमच्याकडे इस्पिक राजा-१०-७-४, बदाम ६-२, चौकट एक्का-९-५-३, किलवर राणी-८-४, पॉइंट ९. थेट जागेवर (ओपनरच्या लगेच नंतर) हा पास होता, इथे हा डबल आहे. विचार करा, रिस्पॉन्डरने (ओपनरच्या पार्टनरने) १ बदामवर पास केला म्हणजे त्याच्याकडे सहासुद्धा नाहीत, ओपनरचे समजा १४ आणि त्याचे ४, झाले १८, उरले २२, त्यातले तुमचे ९, म्हणजे पार्टनरकडे १३ च्या आसपास असून तो गप्प आहे, बहुतेक बदामच लांब असल्यामुळे. तुम्ही पास केलात तर बोर्ड आपला असून त्यांना १ बदाम खेळायला दिला. म्हणून या जागेवर पार्टनरचा एक राजा उसना घ्यायचा, आपल्या पत्त्यांत तीन पॉइंट जास्त धरून बोलायचं. १ नोट्रम्प इथे ११ ते १४, त्याहून जोरदार असतील तर आधी डबल. आणि उडीचा ओव्हरकॉल इथे कमकुवत नसतो, चांगले सहा पत्ते आणि ओपनिंगइतकी ताकद, कारण ज्यांनी १ वर सोडून दिलंय त्यांची जागा खाऊन काय मिळणार?

याचा दुसरा भाग पार्टनर विसरतो. उसना घेतलेला राजा परत द्यावा लागतो! बॅलन्सिंग डबलला उत्तर देताना आपल्यातले तीन पॉइंट वजा करा. ११ असतील तर ८ धरा, म्हणजे उडी नाही, स्वस्त १ इस्पिक. नाहीतर पुढच्या वेळेला पार्टनर ९ वर डबल करायला घाबरेल, आणि जी जोडी बॅलन्सिंगला घाबरते तिला सगळा क्लब २ बदामवर ११० घेऊन लुटतो.

तेच दुसऱ्या ठिकाणी, १ बदाम, पास, २ बदाम, पास, पास. त्यांचा फिट जमलाय आणि ते दोनवर थांबलेत, म्हणजे पॉइंट साधारण निम्मे-निम्मे. आणि त्यांचे नऊ बदाम असतील तर आपले चार, म्हणजे बाकी तीन रंगांत आपले दोघांचे मिळून २२ पत्ते, एका तरी रंगात आठ असणारच. आठ बदाम असतील तरी बहुतेक वेळा असतात. म्हणून इथे बोला. २ इस्पिक बोलून एक हात कमी पडला तर ५० किंवा १००, दोन्ही ११० पेक्षा कमी, आणि अनेकदा ते ३ बदामला जातात आणि पडतात. ते ३ वर गेले की तुमचं काम झालं, तिथे पुन्हा बोलू नका. आणि व्हल्नरेबल असाल तर जरा जपून, पार्ट-स्कोअरच्या (गेमपेक्षा लहान काँट्रॅक्टच्या) बोर्डावर उणे २०० म्हणजे बहुतेक वेळा झीरोच. त्यांचा फिट नसेल, म्हणजे दोघांनी वेगवेगळे रंग बोलून १ नोट्रम्पवर थांबले असतील, तर मात्र बॅलन्सिंगची हौस आवरा, तिथे आपलाही फिट बहुतेक नसतो.

दोन रंगांच्या पत्त्यांसाठी मायकल्स आणि अनयूज्युअल २ नोट्रम्प बहुतेक सगळे खेळतात: मायनरवर क्यू बिड म्हणजे दोन्ही मेजर, मेजरवर क्यू बिड म्हणजे दुसरा मेजर आणि एक मायनर, २ नोट्रम्प म्हणजे न बोललेल्यांतले खालचे दोन. पाच-पाच हवेत, पाच-चारवर हौस नको. एवढंच ठरवा की मधल्या ताकदीचे, १२ ते १५ वाले पत्ते यात धरायचे की नाहीत. त्यांच्या १ नोट्रम्पवर अनेक पद्धती आहेत, नवीन जोडीने लँडी घ्यावी, २ किलवर म्हणजे दोन्ही मेजर, बाकी सगळं नैसर्गिक, डबल पेनल्टीचा. ते १२ ते १४ चा कमकुवत नोट्रम्प खेळत असतील तर पेनल्टी डबल हाताशी हवाच, तो सोडून देणाऱ्या पद्धती तिथे महाग पडतात.

२०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष पेअर्सचं सुवर्ण आणलं तेव्हा ब्रिज न खेळणाऱ्यांनीही बातमी वाचली, आणि तो पदकाचा प्रकारच जोडीचा आहे. तुमच्या जोडीनेही महिन्यातून एकदा बसून फक्त समोरचे ओपन करतात असे पत्ते वाटून बिडिंग करावं, खेळायचं नाही, नुसतं बोलायचं आणि दोघांनी आपापला अर्थ कागदावर लिहून मग ताडून बघायचा, फरक लगेच दिसतात.

शेवटचं, पण नियमातलं. उजवीकडून ३ बदामची उडी आली की पत्ते कसेही असोत, दर वेळी साधारण दहा सेकंद थांबून मगच बोला किंवा पास करा, म्हणजे थांबण्यावरून पार्टनरला काही कळणार नाही. पार्टनर लांब विचार करून पास झाला तर ती माहिती तुम्हाला वापरता येत नाही, काठावरचे पत्ते असतील तर तिथे बॅलन्सिंगचा डबल काढू नका. टेबलावर तुमच्या बोलीचा अर्थ पार्टनर सांगतो आणि त्याने चुकीचा सांगितला तर चेहऱ्यावर काही दाखवू नका, तुम्ही डिक्लेअरर किंवा डमी होणार असाल (म्हणजे काँट्रॅक्ट तुमच्या जोडीचं असेल) तर बिडिंग संपल्यावर लीडच्या आधी डायरेक्टरला बोलावून दुरुस्त करा, डिफेन्सला असाल तर खेळ संपल्यावर. बीबीओवर उलटं असतं, स्वतःच्या बोलीचा अर्थ स्वतःच लिहायचा आणि तो पार्टनरला दिसत नाही, त्यामुळे मायकल्स बोलताना नुसतं नाव लिहू नका, "पाच बदाम आणि पाच मायनर" असं सरळ लिहा, समोरचे कुठल्या देशातले आहेत आणि त्यांना ते नाव माहीत आहे का हे आपल्याला कळत नसतं.